अंबादासचं माप

"तुमच्या माणसाची उंची किती?" मुर्तुझाभाईंनी विचारलं.

मी म्हणालो, "असेल पाच-चार."

खरं तर आमच्याकडे कुणी माणूस नव्हताच. मी होतो, पाच फूट दहा इंच, आणि माझ्या शेजारी स्टुलावर मांडीवर पर्स घेऊन बसलेली माझी बायको वृंदा होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग समोरच्या भिंतीवर टांगलेल्या केरसुण्यांकडे बघत बसली.

दुकान नाशिकच्या मेन रोडला लागून असलेल्या एका बोळात होतं. सफाईच्या सामानाचं दुकान. बादल्या, ब्रश, फिनेलचे कॅन पार छतापर्यंत रचलेले. मुर्तुझाभाई साठीचे, पांढरी टोपी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आम्ही आत शिरल्यावर त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला होता, "कामगारांसाठी घेताय ना, साहेब?" आणि माझ्या तोंडून "हो" निघून गेलं होतं. एकदा हो म्हटल्यावर पुढचं सगळं त्या होला धरूनच बोलावं लागलं.

त्याला कारण होतं. सातपूरच्या ज्या कारखान्यात मी एकवीस वर्षं होतो तो सात महिन्यांपूर्वी बंद पडला होता. मी तिथे तपासणी विभागात होतो. पांढरा कोट, खिशात मोजपट्टी, आणि तयार झालेला प्रत्येक सुटा भाग मोजून तो पास की नापास हे सांगायचं काम. लोक मला गर्गेसाहेब म्हणत. पंचेचाळिसाव्या वर्षी नवी नोकरी कोण देतो? वणवण करून झाली. शेवटी वृंदालाच सुचलं. ती शिकवण्यांसाठी ज्या नव्या इमारतींत जायची, तिथे भिंतीपेक्षा काचाच जास्त होत्या, आणि दिवाळी जवळ आली की सगळ्या बायकांचं एकच रडगाणं असायचं, बाहेरून खिडक्या पुसायला माणूस मिळत नाही.

"आपण करू," वृंदा म्हणाली होती. मी वही घेतली आणि आठ दिवस बसून आखणी केली. काचा किती प्रकारच्या, पाणी कुठलं, साबण किती, एका खिडकीला वेळ किती. सगळं लिहिलं. खिडकी पुसणार कोण, हे मात्र लिहायचं राहिलं. मीच, हे उघड होतं, पण उघड असलेली गोष्टसुद्धा लिहून काढताना हात अडतो.

मुर्तुझाभाईंनी काउंटरवर तीन वायपर मांडले. घरात फरशीवर ओढतो तसले नव्हेत. हातभर दांडी, पुढे पितळेची किंवा स्टीलची आडवी पट्टी आणि तिच्यात बसवलेलं काळं रबर.

"साहेब, काचेवर रेघ उमटते ती पाण्यामुळे नाही, रबरामुळे," ते म्हणाले. "लोक दांडी बघतात, पॉलिश बघतात. रबर कुणी बघत नाही."

मी एक वायपर उचलला, डोळ्यांसमोर आडवा धरला आणि दुकानाच्या दारातून येणाऱ्या उजेडात रबराची धार पाहिली. मध्यभागी किंचित बाक होता. तो बाजूला ठेवला. दुसऱ्याची धार एका टोकाला खाल्लेली होती. तिसरा सरळ निघाला.

"हा," मी म्हणालो.

"वा! नजर आहे साहेबांना." मुर्तुझाभाई खूश झाले. मी त्यांच्यापेक्षा खूश झालो. सात महिन्यांत पहिल्यांदाच मी कशाला तरी पास केलं होतं.

"आता ह्यात दहा इंची पण आहे, चौदा इंची पण. चौदानं काम झपाट्यानं होतं, पण मनगटात जोर पाहिजे. तुमच्या माणसाचा हात कसा आहे?"

"बारीक आहे मनगट," मी म्हणालो.

"मग दहाच बरा," मुर्तुझाभाई स्वतःलाच म्हणाले आणि चौदा इंची आत ठेवून दिला.

असं एकेक सामान निघत गेलं. काचेला पाणी लावायला केसाळ कापडाची गवसणी घातलेला आडवा दांडा. रंगाचे शिंतोडे खरवडायला पात्याची खरवडणी. वायपर जिच्यात आडवा बुडेल अशी लांबट बादली. धागे न सोडणारी फडकी सहा. मग उंच काचेसाठी लांब होणारा दांडा आला. त्याचीही दोन मापं होती, आणि पुन्हा उंचीचा प्रश्न आला, आणि मी पुन्हा पाच-चारवर ठाम राहिलो. हातमोजे लहान. आणि शेवटी पट्टा.

पट्टा म्हणजे खांद्यांवरून आणि कमरेभोवती घ्यायचा, मागे कडी, कडीला दोरी आणि दोरीच्या टोकाला भक्कम लोखंडी हुक.

"कंबर किती त्याची?"

मी इकडे तिकडे बघितलं. "एकतीस."

"नाव काय त्याचं?"

"अंबादास," मी म्हणालो.

हेच नाव का सुचलं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. खिडक्या पुसणाऱ्या माणसाचं नाव गर्गे असणार नाही एवढं माझ्या डोक्यात पक्कं होतं.

मुर्तुझाभाईंनी पट्टा हातात धरला, पण पुढे केला नाही. "साहेब, एक सांगू? अंबादासला घेऊन या. चप्पल घ्यायची तर माणूस पाय घेऊन दुकानात जातो. हा तर जिवाला बांधायचा पट्टा. दुसऱ्याच्या अंदाजानं मी सहसा देत नाही."

"तो गावी गेलाय. येवल्याला. रविवारी सकाळी परस्पर कामावर येणार."

"अच्छा." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग हुक उचलून दाखवला. "हा हुक खिडकीच्या चौकटीला लावायचा नाही. चौकट ॲल्युमिनियमची. माणसाचं वजन पडलं की चौकट घेऊनच खाली येईल. लोखंडी कठडा बघायचा, नाहीतर सिमेंटचा खांब. आणि छज्ज्यावर उतरायच्या आधी हुक लावायचा, उतरल्यावर नाही."

हे सांगताना ते वृंदाकडे बघत होते. ती मान डोलवत होती. बायका जास्त लक्ष देऊन ऐकतात म्हणून असेल, असं मला वाटलं.

स्कूटरवर सामान बांधलं आणि निघालो. द्वारका सर्कलच्या सिग्नलला थांबल्यावर मागून वृंदाचा आवाज आला, "अंबादासला आवडेल ना हो सामान?"

सिग्नल सुटला आणि मी स्कूटर पुढे काढली.

पुढचे तीन दिवस तिनं मला सोडलं नाही. "अंबादासला सांगा, येताना कढीपत्ता आणायला." "अंबादासनं टॉवेल पलंगावरच टाकलाय वाटतं." आमची मुलगी तेव्हा पुण्याला शिकत होती, तिचा फोन आला की वृंदा गंभीर आवाजात विचारायची, "बाबांशी बोलतेस की अंबादासशी?" मी हसण्यावारी नेत होतो, पण प्रत्येक वेळी थोडं बोचायचंच.

सराव मी घरातच सुरू केला. पडदे ओढून. समोरच्या बंगल्यात आमच्याच कारखान्यातले पाटणकर राहायचे, त्यांनी मला बादली घेऊन खिडकीशी बघावं हे मला नको होतं. काच पुसायचा सराव पडदे ओढून करणारा माणूस नाशिकमध्ये मी एकटाच असेन. पाणी लावायचं, मग वरची कडेची एक पट्टी कोरडी करून घ्यायची, मग वायपर वरून खाली ओढायचा, प्रत्येक ओढीनंतर रबर फडक्याला टिपायचं. पहिल्या दिवशी काचेवर इतक्या रेघा उमटल्या की रेघांची वही वाटावी. तिसऱ्या दिवशी एक काच अशी निघाली की चिमणी येऊन आपटली असती.

पण दांडा मला तोकडा पडायचा. पूर्ण लांब केला तरी जोर लावायला कमरेत वाकावं लागायचं. हातमोजे बोटांच्या दुसऱ्या पेरापाशी अडायचे. आणि पट्टा तर कमरेभोवती येऊन थांबला, टोकं एकमेकांना भेटेचनात. मी श्वास आत ओढून पाहिला. तरी चार बोटं अंतर राहिलं.

वृंदा दारात उभी राहून बघत होती.

"बदलून आणा."

"आणि सांगू काय त्यांना? अंबादास गावाहून जाडा होऊन आला?"

"खरं सांगा."

"झाकली मूठ आहे, वृंदा. राहू दे तशीच. धंदा चालला की माणसं ठेवूच आपण. सुरुवातीचे चार दिवस मी करीन. कुणाला कळणार पण नाही."

"ओकबाईंना नाही कळणार? त्यांच्या घरात खिडकी पुसताना?"

सुलभा ओक म्हणजे चैत्रबन सोसायटीच्या सेक्रेटरी, बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या. त्यांनीच आम्हाला पहिलं काम दिलं होतं. आधी त्यांच्या हॉलच्या खिडक्या करायच्या, आणि पसंत पडल्या तर दिवाळीपर्यंत सोसायटीतली चोवीस घरं आमची. फोनवर मी म्हणालो होतो, "रविवारी माणूस आणि सामान घेऊन येतो." चोवीस घरं म्हणजे आमचं बस्तान बसलं असतं. आणि ती गेली तर मला वही मिटून कुणाच्या तरी दुकानात हिशेब लिहायला बसावं लागलं असतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"पट्ट्याशिवाय चढणार तुम्ही?" वृंदानं विचारलं.

"तिसराच तर मजला आहे."

"तिसऱ्यावरून पडलं तर गुडघा खरचटतो का?" तिचा आवाज चढला. "एकवीस वर्षं लोकांची कामं केसाएवढ्या फरकासाठी परत पाठवलीत तुम्ही. रात्रपाळीचे ते कदम रडले होते तुमच्यापुढे, तरी सही केली नाहीत. आणि स्वतःच्या कमरेत सात इंच खोटं सांगून आलात!"

मी पट्टा काढून बादलीत टाकला आणि म्हणालो, बघू. बघू म्हणजे नाही, हे तिला अठरा वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं.

रविवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला. आत जुना बनियन होता, वेळ आली तर शर्ट काढून काम करता येईल असा माझा बेत. वृंदा पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेशी घट्ट बांधून आणि पायात कॅनव्हासचे बूट घालून बाहेर आली. बाहेर जाताना ती साडीच नेसायची. पण आदल्या दिवशीपासून आमचं बोलणं कमी झालं होतं, म्हणून मी विचारलं नाही.

नऊला आम्ही ओकबाईंच्या दारात उभे होतो. मी रिकाम्या हातानं, वृंदा बादली घेऊन. आज हे लिहितानाही ते चित्र मला खटकतं, तेव्हा खटकलं नव्हतं.

"या, या, गर्गे. मिसेसही आल्यात वाटतं," ओकबाई म्हणाल्या. त्यांनी आमच्या मागे जिन्याकडे बघितलं. "आणि माणूस?"

आता सांगायचं, असं मी जिना चढताना ठरवलं होतं. सांगायचं, की माणूस मीच. तोंड उघडलं आणि म्हणालो, "येतोच आहे."

मग आम्ही बसलो. जो माणूस नाही त्याची वाट बघत बसलो. ओकबाईंकडे काम करणाऱ्या मीराबाईंनी चहा आणला, सोनेरी कडेच्या कपबश्यांमधून, आणि सोबत चिवडा. हॉल मोठा होता. समोर छतापासून गुडघ्यापर्यंत काचा, सरकत्या, जाळी नसलेल्या. बाहेर दोन फूट रुंदीचा छज्जा, आणि डाव्या बाजूला लोखंडी कठड्याची गॅलरी. मी कठडा बघितला, छज्जा बघितला, चिवडा खाल्ला. भिंतीवरचं घड्याळ सव्वानऊवर गेलं, मग साडेनऊवर.

ओकबाई बँकेच्या गोष्टी सांगत होत्या. मधेच त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "काय हो, येणार आहे ना तुमचा माणूस? नाव काय म्हणालात?"

"अंबादास."

"हं. ह्या लोकांचं हे असंच. उचल घेतली की संपलं, पडला असेल कुठेतरी. वेळेची किंमत नाही, काही नाही. आमच्या बँकेत सुद्धा ह्यांना कितीही वर आणा..." त्यांनी हात हलवून वाक्य अर्धवट सोडलं. पुढचं आम्हाला कळेल असं त्यांनी धरलंच होतं.

आणि मला कळलंही. मी मान डोलावली. नुसती डोलावली नाही, तर म्हणालो, "बेजबाबदार आहे तो. मी आज बोलतोच त्याला."

वृंदानं कप खाली ठेवला. बशीत तो जरा जोरात वाजला. तिनं उठून बादलीतला पट्टा काढला, खांद्यांवरून घेतला, कमरेशी आणला आणि बक्कल लावलं. टक्‌ असा आवाज झाला. पट्टा तिच्या अंगावर असा बसला की जणू शिंप्यानं माप घेऊन शिवला. मग तिनं हातमोजे घातले. तेही बसले.

मी बघतच राहिलो. "वृंदा, हे काय?"

"माझंच माप आहे," ती हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली. "दुकानात तुम्ही माझ्याकडे बघून सांगत होतात. उंची, मनगट, कंबर, सगळं. तुम्हाला कळलं नाही, पण मला कळलं. आणि मुर्तुझाभाईंनाही."

मी काही बोलायच्या आत ती गॅलरीत गेली. हुक लोखंडी कठड्यात अडकवला, दोनदा झटका देऊन पाहिला. मग हॉलमध्ये येऊन काच सरकवली, उंबऱ्यासारख्या पट्टीवर बूड टेकलं आणि एकेक पाय बाहेर टाकत छज्ज्यावर उतरली. माहेरी सिन्नरला ती कौलांशेजारच्या पत्र्यावर चढून कुरडया वाळत घालायची, हे मी ऐकून होतो. बघितलं पहिल्यांदाच.

"अहो, हे काय!" ओकबाई उठून उभ्या राहिल्या. "त्यांना काय चढवताय? माणूस येईल ना!"

मी दोरी हातात घेतली होती. एवढंच मला सुचलं. वृंदा काचेला पाणी लावत पुढे सरकत होती, पाठ बाहेरच्या मोकळ्या जागेकडे. छज्ज्यावर कबुतरांची घाण होती, पाणी पडून ती बुळबुळीत झाली. तिचा डावा पाय सरकला.

फार नाही, वीतभर सरकला असेल. पण ती एका बाजूला कलली, दोरी माझ्या हातातून सरसर गेली आणि कठड्यावर हुक खाडकन ताणला. पट्ट्यानं तिला धरलं. तिनं दोन्ही हातांनी चौकट पकडली, पाय पुन्हा टेकला आणि उभी राहिली. चेहरा पांढराफटक. माझा तिच्याहून पांढरा असणार. तिच्या जागी मी उभा असतो, ह्या जाड्या कमरेला काहीही न बांधता, तर काय झालं असतं ते मला त्या क्षणी दिसलं. खाली पार्किंगच्या फरशा होत्या. मी भ्यालो, आणि भीतीपेक्षा जास्त मला स्वतःची लाज वाटली. मी लपवत होतो एक बादली आणि एक फडकं, आणि त्यापायी ती तिथे उभी होती.

"आत घ्या त्यांना!" ओकबाई ओरडल्या. "तो तुमचा अंबादास येऊ दे, नाहीतर राहू दे काम!"

"अंबादास नाहीये," मी म्हणालो.

"नाहीये म्हणजे? आला नाही ना?"

"नाहीच आहे. असा कुणी माणूस नाही. मी खोटं बोललो. काम मीच करणार होतो, सांगायची लाज वाटली म्हणून नाव बनवलं." एकदा सुटल्यावर थांबवेना. "आणि तो बेजबाबदार आहे म्हणालो, तेही खोटं. तुम्ही जे म्हणालात, त्यावर मी मान डोलवायला नको होती."

ओकबाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. "पण तुम्ही तर कंपनीत साहेब होतात ना?"

"होतो."

वृंदा बाहेरून काचेवर बोटानं टकटक करत होती. मी काच थोडी सरकवली. "आत ये," मी म्हणालो. "पुरे झालं."

"पाणी संपलंय," ती म्हणाली. "आणि ह्या घाणीवर टाकायला फडकं द्या. पाय ठेवायला."

मी शर्ट काढून खुर्चीवर टाकला. बनियनवरच मोरीत जाऊन बादली भरून आणली. एक ओलं फडकं तिच्या पायाखाली पसरायला दिलं. तिनं बाहेरून, मी आतून, असं काम सुरू झालं. एकाच काचेच्या दोन बाजूंना आम्ही समोरासमोर उभे. डाग कुठल्या बाजूला आहे ते ती बोट लावून दाखवायची, मी पुसायचो. बाहेर असला तर मी बोट लावायचो. दांडा मला तोकडा पडतच होता, मी वाकून वाकून ओढत होतो. दोन काचा झाल्यावर माझी कंबर बोलायला लागली. तिसऱ्या काचेवर एक रेघ राहिली. वृंदानं बाहेरून मान हलवली, नापास. मी पुन्हा पाणी लावलं.

आज आमच्याकडे सात माणसं आहेत, पाच बायका आणि दोन पुरुष. पट्टा घ्यायचा झाला तर ज्याचा त्याला दुकानात घेऊन जातो, अंगावर घालून बघायला लावतो. मुर्तुझाभाई आता नाहीत, त्यांचा मुलगा बसतो. पण हे सगळं नंतरचं.

साडेअकराला सहा काचा झाल्या. वृंदा आत आली, हुक काढला, पट्टा उतरवला. तिच्या खांद्यांवर वळ उठले होते. ओकबाई एवढा वेळ आतल्या खोलीत होत्या, त्या बाहेर आल्या. त्यांनी प्रत्येक काच वाकून, तिरपी मान करून, उजेडाच्या विरुद्ध बाजूनं पाहिली. मी कारखान्यात असंच बघायचो. समोर उभ्या असलेल्या माणसाला त्या वेळी काय वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

"चांगलं झालंय," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांना सांगते मी. पुढच्या रविवारी दुसरा मजला करा. नऊलाच या."

"येतो," मी म्हणालो. वृंदानं डोळे मिटले आणि उघडले.

आम्ही सामान आवरायला घेतलं. स्वयंपाकघरातून ओकबाईंचा आवाज आला, "मीरा, त्यांना चहा दे ग. गॅलरीत दे."

मीराबाईंनी चहा आणला तो स्टीलच्या दोन ग्लासांतून. एका ग्लासाची कड चेपलेली होती. त्या आमच्याकडे न बघता ग्लास कठड्याजवळच्या कट्ट्यावर ठेवून गेल्या. त्यांनाच आमच्यापेक्षा जास्त अवघडल्यासारखं झालं असावं. सोनेरी कडेचे कप आतल्या कपाटात गेले होते. ओकबाईंनी हे मुद्दाम केलं असं मला आजही वाटत नाही. साहेब आला की कप, कामाचा माणूस आला की ग्लास, ते हात आपोआप चालतात. आमच्याच घरी नळवाल्यासाठी, गॅसवाल्यासाठी खिडकीत एक कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला होता. तो वेगळा ठेवायचं मीच सांगितलं होतं.

मी गॅलरीत फरशीवर बसलो, भिंतीला पाठ लावून. वृंदा शेजारी बसली. दोघांचे हात गार पाण्यानं सुरकुतले होते. चहा गरम होता आणि मला भूक लागली होती, मी तो पटापट प्यायलो. वृंदानं सावकाश संपवला. गॅलरीच्या कोपऱ्यात कपडे धुवायचा नळ होता. ती उठली, ग्लास विसळला आणि कट्ट्यावर पालथा घातला.

मी बसल्या जागेवरूनच, अठरा वर्षांच्या सवयीनं, माझा रिकामा ग्लास तिच्यापुढे धरला.

तिनं तो घेतला नाही. ओढणीला हात पुसत म्हणाली, "आपापला."

मी उठलो आणि नळ सोडला.